फाटक कुणाच्या यादीत

४ मार्च

प्रिय आत्या,

फाटकात तासभर उभी राहिलेली मालगाडी ही रेल्वेची गोष्ट की रस्त्याची? मागच्या पत्रात तू हे एका ओळीत विचारलंस आणि लगेच खाली आईच्या गुडघेदुखीवर गेलीस, जणू मी उत्तर खिशात घेऊनच फिरतेय. मला उत्तर येत नाही, आत्या. मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या साहेबांनाही येत नाही. आणि ज्या तीन न्यायाधीशांपुढे आम्ही उभे राहणार, त्यांना ते आधीच येत असतं तर हा खटला चाललाच नसता.

तुला समजेल असं सांगते. घटनेत विषयांच्या याद्या आहेत. केंद्र सरकारच्या यादीत सैन्य, चलन, टपाल, रेल्वे. प्रांत सरकारच्या यादीत रस्ते, दवाखाने, शाळा. ज्याच्या यादीत जो विषय, त्यावरचा कायदा त्याने करायचा. वर्गात हे शिकताना मला वाटलं होतं, किती नीटनेटकं आहे! पण आपल्या गावात रस्ता रुळांना आडवा जातो, आणि तेवढ्या चार पावलांत दोन्ही याद्या एकमेकींच्या अंगावर पडतात.

प्रांताच्या विधानसभेने कायदा केला की कुठल्याही गाडीने फाटकात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ रस्ता अडवायचा नाही, अडवला तर रेल्वेला दंड. रेल्वे कोर्टात गेली. म्हणाली, रेल्वेवर कायदा करणारे तुम्ही कोण? निकाल लागेपर्यंत कायद्याला स्थगिती मिळाली. तू विचारतेस ना, ‘एवढा वाजतगाजत केलेला कायदा गेला कुठे?’ माझ्या टेबलावर आहे, डाव्या हाताला. मी प्रांत सरकारच्या वकिलांच्या कार्यालयात आहे, म्हणजे तो कायदा वाचवायचं काम आमचं. हा खटला आपल्या गावावरून निघाला आहे हे साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी फाइल सरळ माझ्याकडे सरकवली.

अशा वेळी न्यायालय कायद्याचा गाभा शोधतं. तो कुणाला लागतो एवढंच पाहत नाही, त्याचा रोख खरं तर कशावर आहे ते पाहतं. गाभा आपल्या यादीतला असेल, तर शेजारच्या यादीला थोडा धक्का लागला तरी कायदा टिकतो. मी टिपण लिहितेय की या कायद्याचा गाभा रस्ता आहे, दवाखान्यापर्यंत पोचणं आहे, गाडी नाही.

बाळंतपणाला पलीकडच्या वस्तीत जाताना जपून जा. पुलावरून जात जा, लांब पडला तरी.

तुझी,
भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

‘तुला समजेल असं सांगते’ म्हणे! तुला पहिलं अक्षर गिरवायला मी शिकवलं, आणि आता मला समजेल असं सांगतेस. सांग बाई, सांग. घरातली पहिली पदवीधर तू, तेवढा मान घे.

तुझं पत्र मी फाटकावर बावटाभाऊंना वाचून दाखवलं. हिरवा आणि लाल बावटा हातात धरून धरून त्यांची पाठ आणखी वाकली आहे. ऐकून म्हणाले, “म्हणजे सिस्टर, माझा डावा पाय केंद्रात आणि उजवा प्रांतात? मग माझा खोकला कुणाच्या यादीत?” मी म्हटलं, “खोकला प्रांताकडे. विडी मात्र तुमची तुमच्याकडे.” रांगेतल्या बायका हसल्या. हसायला वेळ भरपूर होता, गाडी उभीच होती.

पुलावरून जा म्हणतेस. पूल पिठाच्या गिरणीपलीकडे आहे, विसरलीस? वस्तीतून निरोप येतो तेव्हा पोटात कळा सुरू झालेल्या असतात. पुलावरून जाईपर्यंत मूल बाहेर येऊन माझी वाट बघत बसेल.

आणि तू असतानाच्या गाड्या आता नाहीत. आता दोन गाड्या जोडून एक करतात. स्टेशनातली बाजूची लाइन जुन्या गाडीच्या मापाची. नवी गाडी तिच्यात मावत नाही, शेपूट फाटकातच राहतं. हे कुणी मुद्दाम करत नाही. फक्त मोजून बघण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. मध्ये मध्ये ड्रायव्हरची पाळी संपते, तो उतरून निघून जातो, आणि दुसरा येईपर्यंत गाव दोन तुकड्यांत.

काळजी करू नकोस. आपली पद्धत आहे तीच आहे. गाडीने श्वास घेतला की गाडीखाली शिरायचं नाही. डब्यांमधल्या नळीतून हवेचा फूस आवाज आला म्हणजे इंजिन सुटायच्या तयारीत, तेव्हा मागे सरायचं. आवाज नसेल तर दप्तर आधी पलीकडे फेकायचं आणि मग आपण वाकून जायचं. तुला दुसरीत असताना हेच शिकवलं होतं. तू विचारलं होतंस, दप्तर आधी का? तर दप्तर पलीकडे गेलं की माणूस मधे अडून विचार करत बसत नाही.

तुझं टिपण चांगलं लिही. अक्षर नीट काढ, तुझ्या अक्षराला उंदराची पावलं म्हणायचे मास्तर.

तुझी आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

सुनावणी झाली! मी साहेबांच्या मागच्या बाकावर होते, हातात पुस्तकांचा ढीग, बोटं प्रत्येक पानात खुणेला घातलेली.

आधी रेल्वेचे वकील उभे राहिले. मी त्यांच्यावर चिडायची सगळी तयारी करून गेले होते, पण माणूस वेडगळ नव्हता. म्हणाले, “एक गाडी पाच प्रांतांतून जाते. एका प्रांतात दहा मिनिटं, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात रविवारी थांबायचं नाही. ड्रायव्हरने गाडी चालवायची की कायदे वाचायचे?” कोर्टात सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला त्यात तथ्य वाटलं. तुला खरं सांगते, रेल्वे केंद्राकडे असण्याला कारण आहे. देश एका रुळावर चालवायचा तर कुणी एकाने ठरवलं पाहिजे.

मग आमचे साहेब उठले. “गाडी धावते तोवर ती रेल्वे. रस्त्यात उभी राहिली की तो अडथळा. रस्त्यात वाळूचा ढीग पडला तर तो कुणाचा आहे हे बघून रस्ता मोकळा करायचा की नाही हे आपण ठरवत नाही.” आत्या, ते वाळूचं वाक्य माझं होतं! माझ्या टिपणातलं, जसंच्या तसं. मी खाली मान घालून बसले, नाहीतर सगळ्यांना दिसलं असतं.

पण खरी गंमत पुढे. मधल्या न्यायाधीशांनी रेल्वेच्या वकिलांना विचारलं, “गाडीने फाटकात किती वेळ उभं राहावं, यावर केंद्राने काही नियम केला आहे का?”

“नाही, न्यायमूर्तीसाहेब.”

“करायचा विचार आहे?”

“तशी सूचना मला नाही. पण नियम न करणं हाही केंद्राचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो.”

ही कुठली रीत? खुर्ची अडवून ठेवायची, स्वतः बसायचं नाही आणि दुसऱ्याला बसू द्यायचं नाही! अधिकार तुमचा आहे ना? मग वापरा. तुम्ही कायदा करा, दहाचे वीस करा, पण काहीतरी करा. रिकाम्या जागेला ‘आम्ही व्यापलेलं क्षेत्र’ म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आपलं म्हणणं त्यांना पटत आहे. पुढची तारीख निवडणुकांनंतरची. साहेब गाडीत बसताना मला म्हणाले, “चांगलं काम केलंस.” मी वसतिगृहापर्यंत चालत आले. खोलीतल्या मैत्रिणीला वाळूचं वाक्य एवढ्या वेळा ऐकवलं की शेवटी तिने उशी फेकून मारली.

तुझी,
भिंगरी


२१ जून

चि. भिंगरीस,

तुझी दोन पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. चष्म्याचा नंबर वाढला आहे, म्हणून हे शेजारच्या मुलीकडून लिहून घेते आहे. प्रकृती ठीक.

निवडणूक झाली. नवीन आमदार आले होते. फाटकावरच त्यांची मोटार अडकली, बराच वेळ आत बसून होते. आम्हाला वाटलं, बरं झालं, आता यांना कळेल. उतरले नाहीत. काच खाली करून हात हलवला.

तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी आत्या


२९ जून

प्रिय आत्या,

हे पत्र तुझं वाटतच नाही. अक्षराचं सोड, ते शेजारच्या मुलीचं. पण एकही टोमणा नाही? मला ‘चि. भिंगरीस’? गावात नवा आमदार येऊन गेला आणि तू त्याच्या कपड्यांवर एक वाक्य खर्च केलं नाहीस? डोळे तपासून घे. आणि तुझ्या त्या आरोग्य केंद्रातल्या मिणमिणत्या दिव्याखाली नोंदी लिहीत बसू नकोस, किती वेळा सांगितलं. बरा चष्मा इथून पाठवू का? नंबर कळव.

इथे तारीख पुढे गेली आहे. विशेष काही नाही. साहेबांनी एक नवीन टिपण लिहायला सांगितलं आहे, त्याबद्दल नंतर सांगेन. काम खूप आहे एवढंच.

तुझी,
भिंगरी


८ जुलै

भिंगरे,

हे मी लिहिते आहे. डाव्या हाताने. आता तूच सांग उंदराची पावलं कुणाची.

चष्म्याला काही झालेलं नाही. खोटं बोलले, तुझ्या आईलाही तुला न कळवण्याची शपथ घातली. तुझा खटला चालू होता, तू वाळूच्या ढिगावर नाचत होतीस, त्यात मी माझं रडगाणं कुठे घालू?

एप्रिलच्या शेवटी वस्तीतून निरोप आला. पहिलटकरीण, पाणी गेलेलं. गाडी उभी. मी कान दिला, श्वास नव्हता. पिशवी पलीकडे फेकली आणि खाली वाकले. गाडी हलली. आवाज न करता, आत्ता इथे होती ती तिथे. बावटाभाऊ ओरडले तेव्हा मी जवळजवळ बाहेर आले होते, फक्त उजवा हात रुळावर टेकलेला. तीन बोटं गेली. नंतर बावटाभाऊ चौकशी करून आले. त्या लांब गाड्यांना आता मधोमध दुसरं इंजिन लावतात. हवा तिथून भरते, शेपटाकडे आवाज येतच नाही म्हणे. एवढ्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी कानांवर विश्वास ठेवला आणि गाडीने श्वास घ्यायची जागा बदलली. आम्हाला कोण सांगणार?

बाळ-बाळंतीण सुखरूप. शेजारणींनी केलं सगळं. माझी पिशवी मात्र वेळेवर पोचली होती.

आता मुद्द्याचं, कारण आपल्या घरात वकील आहे. रेल्वेकडून मला नोटीस आली आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याबद्दल खटला का भरू नये? म्हणजे त्यांची गाडी माझ्या रस्त्यात तासभर उभी राहिली तर गुन्हा नाही, मी तिच्याखालून दीड मिनिट गेले तर गुन्हा. त्यांचा हा कायदा कुणी स्थगित केला नाही वाटतं? वर आमच्या खात्यानेही खुलासा मागवला आहे, पुलाने का गेला नाहीत म्हणून. मी लिहून दिलं, मूल पुलाने येत नव्हतं म्हणून.

पण हे लक्षात ठेव: मी सरकारी नोकर आहे, दोन वर्षांत निवृत्त होईन. माझं नाव कुठल्या अर्जात घालायचं नाही. आणि ते ‘टिपण, नंतर सांगेन’ काय प्रकरण आहे? तू जन्मात कधी काही नंतर सांगितलेलं नाहीस. काही वेडंवाकडं करू नकोस. तुझी नोकरी ही एकट्या तुझी नाही, तुझ्या आईने ती अख्ख्या आळीला दाखवली आहे.

तुझी आत्या


१९ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कार्यालयात उघडलं. उघडायला नको होतं. कारकुनाने पाण्याचा पेला आणून ठेवला.

तुझ्या हातावर मी आज काही लिहू शकत नाही. समोर बसून बोलेन. नोटिशीला उत्तर मी तयार केलं आहे, सोबत आहे, सही डाव्या हाताने केलीस तरी चालते.

आता मी काय लपवलं ते ऐक. नवीन प्रांत सरकारला केंद्राकडून रेल्वेच्या डब्यांचा कारखाना हवा आहे. त्या बदल्यात जे द्यायचं त्यात आपला कायदा आहे. पण कायदा रद्द करायचा तर विधानसभेत मांडावा लागतो. तिथे कुणीतरी उठून विचारेल, का? म्हणून सोपा रस्ता काढला. कोर्टात उभं राहून आपणच म्हणायचं की रेल्वे केंद्राचीच, आमचा अधिकार नव्हताच, चूक झाली. मुद्दाम हरायचं आणि घरी येऊन हात झटकायचे, की आम्ही काय करणार, कोर्टाने ठरवलं! आणि ती कबुली लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण फाइल माझ्याइतकी कुणाला पाठ नाही.

मी साहेबांच्या खोलीत गेले. ते वाईट माणूस नाहीत, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. मी म्हटलं, “साहेब, एप्रिलमध्ये आपण म्हणालो होतो की उभी गाडी हा अडथळा आहे. तेव्हा ते खरं होतं की आता हे खरं आहे?”

ते म्हणाले, “तेव्हा अशील तसं म्हणत होतं. आता असं म्हणतं. आपण अशिलाचं बोलतो. हा धंदाच तसा आहे, पोरी.”

“अशील कोण? मंत्री की विधानसभा? कायदा विधानसभेने केला.”

“चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले. “परीक्षेत विचारण्यासारखा.” आणि कागदावर सही करायला लागले.

आत्या, इतके दिवस मला वाटत होतं की याद्यांचं भांडण केंद्र आणि प्रांत यांच्यात आहे, आणि न्यायालय मधे उभं राहून न्याय करतं. पण न्यायालय तेच तोलतं जे दोन बाजू पारड्यात टाकतात. एका बाजूने आपलं पारडंच उचलून नेलं तर? केंद्र म्हणतं, अधिकार आमचा, वापरणार नाही. प्रांत म्हणतो, अधिकार आमचा नव्हता, माफ करा. तीन शहाणी माणसं वर बसून ऐकतील आणि खाली फाटकात कुणीच उभं नसेल. याद्या दोन, सरकारं दोन, आणि तुझ्या बोटांचा विषय कुणाच्याच यादीत नाही!

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. कदाचित न्यायालय म्हणेल, ही रेल्वेचीच गोष्ट. वाद घालून ते ठरलं तर मी मान खाली घालेन आणि मग केंद्राच्या दारात जाऊन बसेन. पण वाद न घालता ठरू देणार नाही.

मी वकील म्हणून या खटल्यात उलट बाजूने उभी राहू शकत नाही, हे मला माहीत आहे. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांची गुपितं विकायची नसतात. पण आपलं म्हणणं ऐकून घ्या असा अर्ज ज्याला झळ लागते तो कुणीही नागरिक करू शकतो. तू करू शकत नाहीस, तुझी पेन्शन आहे. बावटाभाऊ करू शकत नाहीत, ते रेल्वेचेच नोकर. मग उरलं कोण? दुसरीपासून पदवीपर्यंत त्या गाडीखालून कोण गेलं?

सोमवारी मी राजीनामा दिला. फाइल, माझ्या टिपणांच्या वह्या, खुणांची पुस्तकं, सगळं कारकुनाच्या ताब्यात देऊन पोच घेतली. वाळूचं वाक्यसुद्धा तिथेच ठेवलं, ते आता त्यांचं. साहेब म्हणाले, “घाई करतेस.” मी म्हटलं, “गाडी उभी आहे तोवरच जाता येतं, साहेब.” त्यांना कळलं नाही.

मंगळवारी वसतिगृहाच्या खोलीत बसून अर्ज लिहिला. त्यात कार्यालयातली एक ओळ नाही. मला स्वतःला जे माहीत आहे तेवढंच: नळीतला आवाज, डब्याखालच्या ग्रीसचा वास, खडीने सोललेले गुडघे, परीक्षेच्या दिवशी फाटकात उभी राहून रडलेली मुलगी. तुझं नाव नाही, तुझा हात नाही. तू सांगितलंस तसंच केलं. माझे गुडघे आहेत, त्यांच्यावर मला कुणाची परवानगी लागत नाही. शेवटी एवढंच मागितलं आहे की उद्या दोन्ही सरकारांचं एकमत झालं तरी न्यायालयाने ते निकाल समजू नये.

आईला अजून सांगितलेलं नाही. आळीत काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. रविवारी येतेय. पुलावरून येईन, शपथ.

तू म्हणशील, थांब, विचार कर. म्हणून हे पत्र आज पाठवतेय. काल दुपारी न्यायालयाच्या खिडकीवर रांगेत उभी राहिले. आतल्या बाईंनी विचारलं, “वकील कोण?” म्हटलं, “मी स्वतः.” “आणि अर्जदार?” “तीही मीच.” त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. अर्जाला क्रमांक पडला आहे. दप्तर पलीकडे गेलं, आत्या.

तुझी,
भिंगरी